एकाच्या मरणानं दुसऱ्याचं पाप कसं फिटतं?

माणदेशी यांचा प्रश्न:

प्रश्न मनापासून विचारतोय. कुणाच्या श्रद्धेला धक्का लावायचा हेतू नाही.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं यंदा गुड फ्रायडेच्या उपासनेला बोलावलं होतं. दुपारी बारा ते तीन. येशूनं क्रूसावरून काढलेले सात उद्गार, प्रत्येक उद्गारावर वेगळ्या माणसाचं प्रवचन, आणि मधे पेटी-तबल्यावर गाणी. चाली इतक्या ओळखीच्या की डोळे मिटले तर आमच्या गावातलं भजन वाटावं. खिळे ठोकणाऱ्यांसाठी "हे बापा, त्यांना क्षमा कर" म्हणणारा माणूस, हे ऐकताना अंगावर काटा आला. तिथपर्यंत मी सगळ्यांबरोबर होतो.

मग एका वक्त्यानं सांगितलं, "तुमच्या पापाची शिक्षा त्यानं भोगली. देवाचा क्रोध त्याच्या रक्तानं शांत झाला. तो यज्ञाचा कोकरा झाला." इथं माझं अडलं.

मी माण तालुक्यातला. आजोबा वारकरी, घरात माळ. आमच्या भागात जत्रेला बोकड पडायचा, अजूनही काही ठिकाणी पडतो. नवस बोलायचा, काम झालं की बोकड कापायचा. गाडगेबाबा गावोगाव कीर्तनात सांगत फिरले की देवाला मुक्या जनावराचा जीव नको. आमच्या घरानं ते ऐकलं आणि तेव्हापासून आमच्याकडे जत्रेला पुरणपोळीच असते. मग जो देव बोकडाच्याही रक्तानं खूश व्हायला नको, तो माणसाच्या, तेही स्वतःच्या मुलाच्या रक्तानं शांत होतो हे मी कसं समजून घेऊ? माफच करायचं होतं तर नुसतं माफ का नाही केलं? माझ्या चुकीसाठी दुसऱ्याला फासावर चढवलं तर त्याला आपण न्याय म्हणत नाही.

आणि सहकारी म्हणतो की खरी गोष्ट शुक्रवारी संपत नाही, रविवारी येशू मरणातून उठला आणि "नवं जीवन" सुरू होतं. ते नक्की कुणाचं, येशूचं की माझ्या सहकाऱ्याचं? तो तर मला पूर्वीसारखाच दिसतो (चांगलाच आहे तसा).

जाणकारांनी सांगावं. पाठ केलेलं उत्तर नको.

---

निशिगंध:

माणदेशीभाऊ, सलाम. तुम्ही तीन तास बसलात याचंच मला कौतुक वाटलं. आमची तरुण पोरं चौथ्या उद्गाराला बाहेर चहाला जातात.

मी नेवासे तालुक्यातली, पिढीजात ख्रिस्ती घरातली, आयुष्यभर नर्सची नोकरी केली. सेमिनरीत, म्हणजे पाळक तयार करणाऱ्या शाळेत, शिकलेली नाही. पण हा प्रश्न मीही विचारला होता, वडिलांना, आणि त्यांनी जे उत्तर दिलं ते जगून दिलं. म्हणून आधी ते सांगते.

माझे वडील प्राथमिक शिक्षक. धाकट्या चुलत्यांनी विहीर खोल करायला आणि इंजिन घ्यायला सोसायटीचं कर्ज काढलं, वडील जामीनदार राहिले. मग 1972 चा दुष्काळ आला. विहीर तर आटलीच, पण नंतर कळलं की निम्मे पैसे विहिरीत गेलेच नव्हते, दारूत आणि पत्त्यांत गेले होते. चुलते एका रात्री घरातून निघून गेले. भिवंडीला यंत्रमागावर आहेत असं कुणीतरी सांगायचं. वसुली जामीनदारावर आली. वडिलांच्या पगारातून हप्ता कापला जाऊ लागला, आणि आईच्या कानातल्या बुगड्या मोडल्या. दुष्काळी कामावर खडी फोडायला जाणाऱ्या बायकांत माझी आई, मास्तरची बायको, होती.

काही वर्षांनी चुलते परत आले, दाढी वाढलेली, दारातच उभे. वडील म्हणाले, "आत ये. कर्ज फिटलंय." चुलत्यांना घास गिळेना.

तुमचा प्रश्न होता, "नुसतं माफ का नाही केलं?" भाऊ, नुसतं माफ करणं अशी गोष्टच नसते. वडिलांनी माफ केलं म्हणजे ते पैसे हवेत विरले नाहीत. ते कुणाच्या तरी पगारातून गेले, कुणाच्या तरी कानातून गेले. ज्याचं नुकसान झालं, त्यानं ते वसूल करायचं नाही असं ठरवलं, की ते त्याच्याच अंगावर राहतं. जितका घाव मोठा तितकी माफी महाग. क्रूस म्हणजे देवाच्या माफीची किंमत, आणि ती किंमत भरणाराही देवच, असं आम्ही मानतो. बायबलमधल्या इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात येशूला अधिक चांगल्या कराराचा "जामीन" म्हटलंय. तो शब्द वाचताना मला पगाराचं पाकीट हातात धरून बसलेले वडील दिसतात.

पण हे उदाहरण एका जागी मोडतं, आणि नेमकं तिथंच तुमच्या न्यायाच्या प्रश्नाचं उत्तर आहे. आमच्या घरात सावकार एक होता आणि जामीनदार दुसरा. सोसायटीला पैसे कुणाकडून येतात याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्या वक्त्यांच्या बोलण्यातून तुम्हाला देव त्या सोसायटीसारखा दिसला: वसुली झाली पाहिजे, कुणाच्याही मानेवरून होवो. तसं असतं तर तुमचा राग रास्तच होता. येशूचा प्रेषित पौल मात्र करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहितो की देव ख्रिस्तामध्ये असून जगाचा स्वतःशी समेट करत होता. म्हणजे क्रूसावर कुणी तिसरा निरपराध पकडून आणलेला नाही. ज्याला देणं द्यायचं होतं, तोच खाली उतरून देणेकऱ्याच्या जागी उभा राहिला. आणि योहानानं लिहिलेल्या येशूच्या चरित्राच्या दहाव्या अध्यायात येशू स्वतः सांगतो की माझा प्राण कुणी माझ्याकडून हिसकावून घेत नाही, मी आपण होऊन देतो. बाप मारतोय आणि मुलगा मार खातोय, हे चित्र आमच्याच काही प्रवचनांत येतं. मला ते फार खटकतं. योहानाच्या पहिल्या पत्रात क्रम अगदी स्वच्छ आहे: देवानं आधी प्रीती केली, म्हणून मुलाला पाठवलं. रक्त पाहून त्याला प्रेम सुचलं असं तिथं कुठंही नाही.

आता बोकड. नवसात माणूस देवाला देतो, काहीतरी मिळवण्यासाठी किंवा मिळालं म्हणून. शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या संदेशात, देणारा देव आहे आणि घेणारा माणूस. सगळी दिशाच फिरली. म्हणून त्यानंतर ख्रिस्ती माणसानं कुठल्याही वेदीवर कुठलाही जीव कापायचा नाही. इब्रीकरांच्या पत्राचा दहावा अध्याय सरळ म्हणतो की बैलांच्या आणि बकऱ्यांच्या रक्तानं पापं दूर होणं शक्यच नाही, आणि ख्रिस्ताचं अर्पण एकदाच, सर्वकाळासाठी झालं. गाडगेबाबांचं म्हणणं तुमच्या घरानं ऐकलं, त्याच्याशी माझ्या विश्वासाचं या बाबतीत काही भांडण नाही. होशेय संदेष्ट्यानं येशूच्या कितीतरी शतकं आधी देवाच्या तोंडून सांगितलंय की मला यज्ञ नको, दया हवी, आणि येशूनं ते वाक्य दोनदा उच्चारल्याचं येशूचं चरित्र लिहिणाऱ्या मत्तयानं लिहून ठेवलंय.

एवढंच जोडते की हे "कसं" होतं याचं एकच अधिकृत स्पष्टीकरण साऱ्या मंडळीनं, म्हणजे चर्चनं, कधी ठरवलेलं नाही. निकीयाच्या मतांगीकारात, म्हणजे चर्चच्या श्रद्धेच्या जुन्या घोषणेत, फक्त "आम्हांसाठी" असं आहे, पुढे यंत्रणा सांगितलेली नाही. चौथ्या शतकातला धर्मगुरू अथानासियस म्हणतो, देव मरणाच्या आत शिरला आणि मरण आतून फुटलं. 1098 च्या सुमारास अन्सेल्म या धर्मपंडितानं देवाच्या मानाची भरपाई असा विचार मांडला. सोळाव्या शतकात धर्मसुधारक कॅल्विननं न्यायालयाचं चित्र ठळक केलं. तुम्ही ऐकलंत ते बहुतेक या शेवटच्याचं, बरंच पातळ केलेलं रूप. मला अथानासियस जवळचा वाटतो. वॉर्डात मरणं पाहिलेल्या माणसाला तो कळतो.

---

रेवदंडा:

मी बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, मूळ कोकणातले, आता ठाण्यात. निशिगंधताईंचं आवडलं. आमचा विश्वास वेगळा आहे, येशूबद्दल मी बोलणार नाही. पण "यज्ञाचा कोकरा" ही सगळी भाषा आमच्या तोराह या धर्मग्रंथातून आलेली आहे, आणि बोकडांविषयी एक गोष्ट नेहमी राहून जाते म्हणून लिहितो.

तोराहातल्या लेवीय या पुस्तकाच्या 16 व्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या दिवसाचा विधी आहे. दोन बोकड आणायचे, चिठ्ठ्या टाकायच्या. एकाचा वध करून महायाजक त्याचं रक्त परमपवित्र स्थानात शिंपडतो. दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून सगळ्या लोकांची पापं कबूल करतो आणि त्याला रानात सोडून देतात. आता नीट बघा: ज्याच्या डोक्यावर पापं ठेवली त्याला तिथं वेदीवर कापत नाहीत. आणि ज्याला कापतात त्याच्यावर पापं ठेवलेली नाहीत. म्हणजे वेदीवरचा बोकड कुणाच्या बदली शिक्षा भोगत नाही. पुढच्याच अध्यायात कारण दिलंय: शरीराचा जीव रक्तात असतो. माणसांच्या पापानं पवित्र स्थान मळतं, ते जीवानं स्वच्छ करायचं. रक्त तिथं मरणाची खूण म्हणून येत नाही, जीव म्हणून येतं.

इ.स. 70 मध्ये रोमनांनी यरुशलेमचं मंदिर पाडलं, तेव्हापासून आमच्याकडे बळी नाहीत. उपवास, प्रार्थना, पश्चात्ताप आणि दानधर्म यांवर तो दिवस उभा आहे. कोकणात आमचे लोक त्याला दरफाळणीचा सण म्हणत आले. दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे, पाणीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण: भेटीगाठी आणि गरिबांना दान.

माणदेशींच्या "माफी मिळाली की मोकळे" या शंकेवर (तुम्ही तशी विचारली नाहीत, पण आत ती आहे) मिश्ना या आमच्या जुन्या नियमसंग्रहात दोन नियम आहेत. माणूस आणि देव यांच्यातलं पाप हा दिवस फेडतो. माणूस आणि माणूस यांच्यातलं पाप, ज्याचं वाईट केलं त्याची समजूत घातल्याशिवाय फिटत नाही. आणि "पाप करतो, मग तो दिवस फेडेलच" असं जो म्हणतो, त्याचं तो दिवस फेडत नाही. माझी आजी उपवासाच्या आदल्या दिवशी शेजारणींकडे जाऊन माफी मागायची. त्यात आगरी होत्या, मुसलमान होत्या. त्यांना आधी कळायचंच नाही की ही कशाबद्दल माफी मागतेय.

---

वसईचा_पाव्हणा:

मी वसईचा कॅथलिक. शुक्रवारचं दोघांनी सांगितलं, मी शनिवार रात्रीचं सांगतो, कारण नवं जीवन समजून घ्यायचं तर ती रात्र बघायला हवी.

शुक्रवारी आमच्याकडे मिस्सा, म्हणजे नेहमीची मुख्य उपासना, होत नाही. वेदी उघडी, वस्त्र नाही, फुलं नाहीत. शनिवारी रात्री देवळाबाहेर अंगणात नवा अग्नी पेटवतात. फादर मोठ्या पास्का (ईस्टरच्या) मेणबत्तीवर क्रूस, चालू वर्षाचे आकडे आणि ग्रीक वर्णमालेतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर कोरतात, आणि धुपाचे पाच दाणे खोचतात. ते पाच दाणे म्हणजे पाच जखमा. ती मेणबत्ती अंधाऱ्या देवळात नेतात आणि तिच्यावरून सगळ्यांच्या हातातल्या मेणबत्त्या पेटतात. मग एक फार जुनं स्तुतिगीत गायलं जातं. त्यात आदामाच्या पापाला चक्क भाग्याचं म्हटलंय, कारण त्यापायी असा तारणारा मिळाला. लहानपणी मला ते भलतंच वाटायचं. पाप कसं भाग्याचं? आता वडील म्हातारे झाल्यावर, त्यांच्याशी झालेलं माझं जुनं भांडण मिटल्यावर, थोडंसं कळतं. मिटल्यानंतर आम्ही पूर्वीपेक्षा जवळ आलो.

वाचनं जगाच्या उत्पत्तीपासून सुरू होतात, तांबड्या समुद्रातून इस्राएल लोक पार झाले त्यावरून जातात, आणि मग रिकाम्या कबरेपर्यंत येतात. नंतर पाण्याला आशीर्वाद. कुणाचा बाप्तिस्मा असेल तर तो त्या रात्री होतो, आणि आम्ही सगळे उभे राहून आपापल्या बाप्तिस्म्याची वचनं पुन्हा देतो: सैतानाला नाकारतोस का? नाकारतो. त्याच्या सर्व कामांना? नाकारतो. हे दर वर्षी. म्हणजे तुमचा सहकारी पूर्वीसारखाच दिसतो यात नवल नाही, माणूस एका रात्रीत बदलत नाही हे चर्चलाही ठाऊक आहे. म्हणून तर दर वर्षी राखेच्या बुधवारपासून, ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवसापासून, पुन्हा सुरुवात.

पुढच्या वर्षी वसईत या. कुणीही अडवत नाही. प्रसादाच्या वेळी फक्त जागेवर बसून राहा, तो बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी असतो. बाकी रात्रभर आमच्याबरोबर.

---

माणदेशी:

तिघांचेही आभार. रक्त म्हणजे जीव, ही गोष्ट माझ्यासाठी नवीन आहे, आणि जामीनदाराचं उदाहरण घरी बायकोला वाचून दाखवलं.

आता जे खरं बोचतंय ते विचारतो. आमच्या गल्लीत एक जण होता. प्यायचा, बायकोला मारायचा. नंतर कुठल्याशा प्रार्थनासभेत जाऊ लागला, साक्ष द्यायला लागला की माझी सगळी पापं धुतली गेली, मी नवा माणूस झालो. बायकोला सांगायचा, देवानं मला माफ केलं, तू कोण न करणारी? महिन्याभरात पुन्हा मारहाण. निशिगंधताई, तुमच्या काकांचं पुढे काय झालं? आणि तुमच्या आईचं?

---

निशिगंध:

आईचं विचारलंत हे बरं केलं. साक्षीच्या गोष्टींत आईचा भाग कुणी विचारत नाही.

चुलते परत आल्यावर वडिलांनी माफ केलं, आईनं केलं नाही. ताट वाढायची, पण त्यांच्याशी बोलायची नाही. पाळकसाहेब घरी आले आणि तिला म्हणाले, बाई, ख्रिस्तानं क्षमा केली, आपणही करायला हवी. तेव्हा वडीलच मधे पडले. म्हणाले, "साहेब, माझ्या पगाराबद्दल मी बोलू शकतो. तिच्या बुगड्यांबद्दल आणि खडीबद्दल तीच बोलेल, तिला वाटेल तेव्हा." माझ्या मते वडिलांना क्रूस कळला होता तो इथं. देव स्वतःच्या अंगावर घेतो, दुसऱ्याच्या अंगावर टाकत नाही. ज्या नवऱ्याला क्रूसाचं नाव घेऊन बायकोनं मार सोसावा असं वाटतं, तो स्वतः खिळे ठोकणाऱ्यांच्या बाजूला उभा आहे.

रेवदंडाभाऊंनी सांगितलेला मिश्नातला नियम येशूच्या तोंडीही आहे. मत्तय पाचवा अध्याय: वेदीपाशी दान आणलंस आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. यरीहोचा जक्कय, जकातदारांचा मुख्य, येशू त्याच्या घरी पाहुणा म्हणून गेला. आधी सुधार मग येतो, असं येशूनं म्हटलं नाही. पण येशू घरात आल्यावर जक्कय उभा राहून बोलला ते पैशांचं: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवलं त्याला चौपट. त्यावर येशू म्हणाला, आज या घराला तारण मिळालं आहे. पाप धुतल्याची साक्ष देणाऱ्याला मी तरी एवढंच विचारते की तू कुणाकुणाच्या घरी जाऊन आलास.

चुलते तसे घरोघर जाऊन आले. किराणा दुकानदाराची उधारी होती, एका धनगराकडून शेळी उधार घेऊन विकली होती, ते सगळं त्यांनी रोजंदारी करून फेडलं. दारू सुटली, पुन्हा लागली, पुन्हा सुटली. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल नेमका तुमचाच प्रश्न घेतो: कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का? आणि उत्तर देतो, मुळीच नाही, कारण बाप्तिस्म्यात आपण त्याच्याबरोबर पुरले गेलो, आता नव्या जीवनात चालायचं. चालायचं, असंच आहे तिथं. चुलते चालले, पडत, उठत.

आई त्यांच्याशी बोलली ती खूप उशिरा, माझ्या लग्नाच्या वेळी. चुलत्यांनी माझ्यासाठी कानातलं आणलं होतं, साधंच, हलक्या वजनाचं. आईनं ते हातात घेऊन पाहिलं आणि त्यांना विचारलं, "जेवलात का?" एवढंच. पुढं ती त्यांच्यावर आरडाओरडाही करायची, म्हणजे माणसांत आले.

तुमच्या गल्लीतल्या बाईंबद्दल. नोकरीत असताना अशा बायका रात्री ड्यूटीवर यायच्या, फुटलेले ओठ, मोडलेली मनगटं. त्यांतल्या काही आमच्याच मंडळीतल्या होत्या. मी त्यांना जखम नोंदवून घ्यायला लावायचे, आणि तक्रार करायची असेल तर बरोबर पोलीस ठाण्यात जायचे. त्यांच्या नवऱ्यांसाठी मी प्रार्थनाही करते, अजून करते, नाव घेऊन. मला त्या दोन्हींत कधी विरोध वाटला नाही. ती बाई अजून तुमच्या गल्लीत असेल तर तुमच्या पत्नीला तिच्याकडे जाऊन यायला सांगा. तिला राहायला दुसरी जागा लागली तर मला इथंच निरोप पाठवा, पुण्यात सोय करता येईल.